विहीर एक, पाळी कुणाची?

— द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागात एक संगणक आहे. बाकीचे संगणक साधे आहेत. या एकात मात्र ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे. डोंगरउताराचा त्रिमिती नकाशा काढायचा असो, की उपग्रहाच्या चित्रावरून पीक, पडीक आणि पाणी वेगवेगळे ओळखायचे असो, सारी मंडळी त्या एकाच संगणकाकडे धाव घेतात. त्याच्या शेजारी सुतळीने बांधलेली एक वही लटकत असते. तिला आम्ही ‘पाळीची वही’ म्हणतो. आम्ही चोवीस जण आणि पाळी एकेका तासाची. कुणाचा तास बुडाला की भांडण ठरलेले.

गंमत अशी, की ज्याची पाळी असते तो निम्मा वेळ नुसता विचार करीत बसलेला असतो. नकाशाचा रंग बदलला, उंचीचा आकडा टाकला, की कार्ड क्षणभर काम करते आणि पुन्हा निवांत बसते. मागे रांग लावून उभी असलेली मुले घड्याळाकडे पाहत राहतात आणि इकडे ते महागडे कार्ड रिकामे असते.

माझे बालपण सामाईक विहिरीच्या काठी गेले. चार भावांत एक विहीर, पाण्याचे दिवस वाटून घेतलेले, आणि एकाची पाळी संपली की दुसऱ्याने आपल्या वाफ्याकडे दार मोडून घ्यायचे, ही व्यवस्था मी समजू लागल्यापासून पाहत आलो आहे. म्हणून एकदा संगणक दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांना मी भाबडेपणाने विचारले, “साहेब, हे कार्ड चौघांना एकदम वाटून देता येणार नाही का? चौघे आपापल्या साध्या संगणकावर बसतील आणि काम मात्र या कार्डावर होईल.”

ते हसले. म्हणाले, “येतं की वाटता. पण हे कार्ड नाही. त्यासाठी कंपन्यांचं कार्ड वेगळं असतं. हे घरगुती.”

“मग त्या कार्डात काय जास्त असतं?”

“काही असतं, काही नसतं,” असे म्हणून त्यांनी पेटी बंद केली.

त्या ‘काही नसतं’चा अर्थ शोधता शोधता माझे सहा महिने गेले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने ग्राफिक्स कार्डावर लिहावे, याचे काहींना हसू येईल. परंतु माझ्या मते हा प्रश्न तारांचा आणि चिपांचा कमी आणि अर्थशास्त्राचा व न्यायाचा जास्त आहे. शिवाय ज्यांच्याकडे चोवीस जणांत एकच यंत्र आहे, त्यांनी यावर बोलायचे नाही तर कुणी बोलायचे?

आधी थोडा इतिहास. एक संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची कल्पना आजकालची नाही. आय.बी.एम. कंपनीने १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ नावाची प्रणाली बाजारात आणली. खोलीभर पसरलेल्या एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे उभी करायची, आणि वापरणाऱ्या प्रत्येकाला आपल्याजवळ स्वतंत्र संगणक आहे असे भासवायचे, ही तिची करामत. त्या काळी संगणक इतका महाग होता की वाटून घेण्यावाचून गत्यंतरच नव्हते. पुढे संगणक स्वस्त झाले, घरोघर गेले आणि वाटणीची गरज काही काळ मागे पडली. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने तीच युक्ती साध्या टेबलावरच्या संगणकात आणली. २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने आपल्या प्रोसेसरमध्येच त्यासाठी खास सोय केली. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ आले आणि ही विद्या फुकट झाली. आज साधा लॅपटॉप घेतला तरी त्यात एक सोडून दोन-तीन आभासी यंत्रे चालवता येतात. त्यासाठी कुणी परवाना मागत नाही, की ‘तुम्ही कंपनी आहात का?’ असे विचारत नाही.

तात्पर्य, प्रोसेसरची वाटणी मोठ्यांकडून धाकट्यांपर्यंत पोचली. मधे अडथळे आलेच. २०११ सालचे उदाहरण बोलके आहे. इंटेलच्या ‘कोअर आय-७ २६००’ या प्रोसेसरमध्ये एखादे उपकरण थेट आभासी यंत्राच्या ताब्यात देण्याची सोय होती. त्याचाच थोडा अधिक महाग भाऊ ‘२६०० के’, जो हौशी लोक घेत, त्यात ती नव्हती. म्हणजे जास्त पैसे देणाऱ्यालाच एक सोय कमी! पण हे अडथळेही पुढे बहुतांशी दूर झाले. मागे राहिले ते ग्राफिक्स कार्ड.

आता हे कार्ड म्हणजे काय, ते सांगतो. प्रोसेसर हा चार-आठ हुशार कारागिरांसारखा असतो. कुठलेही अवघड काम द्या, तो करील. ग्राफिक्स कार्डात हजारो साधे मजूर असतात. त्यांना एकच सोपे काम दिले की ते सगळे मिळून एकाच वेळी करून टाकतात. पडद्यावरचे लाखो ठिपके रंगवण्यासाठी ही रचना निघाली. पण हवामानाचे गणित, उपग्रहाची चित्रे, बोललेल्या शब्दांचे लेखन आणि हल्लीची कृत्रिम बुद्धिमत्ता ही सारी कामेही याच जातीची निघाली. म्हणून कालपर्यंत खेळणाऱ्या पोरांची वस्तू असलेले हे कार्ड आज संशोधनाचे मुख्य हत्यार झाले आहे.

या कार्डाची शक्ती आभासी यंत्राला देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला नकलेचा. कार्ड आहे असे सॉफ्टवेअरने भासवायचे. हे विहिरीवरून कळशीने पाणी आणून शेत भिजवण्यासारखे आहे. रोपे जगतील, पण ऊस होणार नाही. दुसरा मार्ग कार्ड संपूर्णपणे एका आभासी यंत्राच्या स्वाधीन करण्याचा. यात वेग उत्तम मिळतो. पण विहीर एकाला दिली की मूळ मालकासकट बाकी सारे कोरडे. तिसरा मार्ग खऱ्या वाटणीचा. कार्डाची स्मरणशक्ती जमिनीसारखी तुकडे पाडून वाटायची, आणि मजुरांचे काम मात्र पाण्यासारखे पाळीने द्यायचे. पाळी दिवसांची नव्हे, सेकंदाच्या हजाराव्या भागांची. मधे एक पाटकरी बसतो. तो कोण थांबला, कोणाला हवे, हे पाहून दार उघडतो आणि बंद करतो. एकजण विचार करीत बसला की त्याचा वेळ दुसऱ्याला जातो. आमच्या भूगोल विभागाला नेमके हेच हवे आहे.

एखादे उपकरण असे अनेकांना वाटण्याचे सर्वमान्य नियम ‘एसआर-आयओव्ही’ या नावाने २००७ सालीच ठरले. तेव्हा विद्या अवघड आहे, अजून सापडायची आहे, असे मुळीच नाही. प्रश्न विद्येचा नाही, दाराच्या कुलपाचा आहे.

त्या कुलपाची हकीकत अशी. या बाजारात सर्वांत मोठी कंपनी एनव्हिडिया. तिने २०१२ साली ‘ग्रिड’ नावाने कार्डाच्या वाटणीची व्यवस्था जाहीर केली. पण ती फक्त मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधील कार्डांसाठी. २०१५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून कार्डाच्या किमतीवर आणखी परवान्याचे पैसे आले, आणि तेही एकाच वेळी किती जण वापरणार त्या हिशेबाने. घरगुती ‘जीफोर्स’ कार्डांना वाटणी तर नव्हतीच. पण दुसरा मार्गही, म्हणजे स्वतःचे कार्ड स्वतःच्याच आभासी यंत्राला सबंध देणेही, वर्षानुवर्षे बंद होते. आपण आभासी यंत्रात आहोत असे ड्रायव्हरला कळले की तो काम सोडून देई आणि विंडोजच्या पडद्यावर ‘त्रुटी क्रमांक ४३’ उमटे. लोकांनी त्यावर उपाय काढला. आभासी यंत्र हे आभासी नाहीच, असे ड्रायव्हरला खोटे सांगायचे, की कार्ड मुकाट्याने चालू लागे! मालकाने आपल्याच वस्तूशी खोटे बोलून तिच्याकडून काम करून घ्यायचे, असा हा उलटा संसार कित्येक वर्षे चालला. मार्च २०२१ मध्ये कंपनीने नवा ड्रायव्हर काढून ही बंदी स्वतःच उठवली. त्यासाठी कार्डाला एक खिळाही नवा ठोकावा लागला नाही. यावरून मुळात अडचण कसली होती ते उघडच आहे. मात्र ही मोकळीक एका कार्डाला एकच आभासी यंत्र एवढीच होती. वाटणी बंद ती बंदच राहिली.

आणि त्यानंतर महिनाभरात दुसरी घटना घडली. एप्रिल २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने एक छोटे साधन सर्वांसाठी खुले केले. ते ड्रायव्हरला सांगे, की समोरचे कार्ड घरगुती नसून सर्व्हरचे आहे. आणि त्या काळच्या अनेक घरगुती कार्डांवर वाटणी सुरू होई. याचे कारण सोपे आहे. ‘जीटीएक्स १०८० टीआय’ हे खेळाचे कार्ड आणि ‘टेस्ला पी-४०’ हे सर्व्हरचे कार्ड, दोहोंच्या पोटात ‘जीपी-१०२’ ही एकच जातीची चिप आहे. पुढे वाटणीची रीत बदलली आणि ही युक्ती चालेनाशी झाली. परवान्याच्या अटी मोडून असे करा, असे मी कुणाला सांगत नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की ‘काही असतं, काही नसतं’ मधले ‘नसतं’ पुष्कळ वेळा खरे नसते. असते, पण झाकलेले असते.

न्याय एकालाच लावणे बरे नव्हे, म्हणून बाकीच्यांचेही पाहू. एएमडीने २०१६ साली ‘फायरप्रो एस-७१५०’ या कार्डात चिपमध्येच वाटणीची सोय केली आणि माणशी परवान्याचे पैसे घेतले नाहीत. हे चांगले झाले; पण तेही सर्व्हरसाठीच. घरच्या ‘रेडिऑन’ कार्डाला ते सुख लाभले नाही. उलट त्यांच्या काही घरगुती कार्डांची खोड अशी, की एकदा आभासी यंत्राला दिलेले कार्ड ते यंत्र बंद केल्यावर नीट परत येत नसे. सबंध संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागे. इंटेलने पाचव्या ते दहाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्ससाठी ‘जीव्हीटी-जी’ नावाची खुली वाटणी दिली होती. सामान्य माणसाच्या लॅपटॉपात मिळणारी अशी सोय विरळाच. पुढे ती बंद केली. बाराव्या पिढीत चिपमध्ये नवी सोय आली खरी, पण लिनक्सच्या मुख्य गाभ्यात तिला जागा मिळायला काही वर्षे जावी लागली. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये लिनक्स चालवण्यासाठी जी व्यवस्था केली आहे, तिच्यात घरगुती कार्डही आत-बाहेर दोन्हीकडे वापरता येते. म्हणजे दार अगदीच बंद नाही. फटीतून उजेड येतो. पण चार विद्यार्थ्यांना चार स्वतंत्र वाटे करून द्यायचे म्हटले, की पुन्हा कंपनीवाल्यांच्या दुकानात जा, असेच उत्तर मिळते.

आता अर्थशास्त्राकडे वळतो. फ्रान्समध्ये ज्यूल द्युपुई नावाचा एक अभियंता होऊन गेला. रस्ते आणि पूल बांधता बांधता तो अर्थशास्त्रावरही लिहीत असे. १८४९ साली त्याने आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसते, या प्रश्नाचा उलगडा केला. छपराला लागणारे चार पैसे वाचवावेत म्हणून कंपनी तसे करीत नाही, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडणारा माणूस तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून छप्पर काढायचे. गरिबाला छळावे हा हेतू नसतो. श्रीमंताला भीती घालावी हा असतो. भिजतो मात्र गरीबच.

मला हे वाचताना आमच्या विभागातले कार्ड डोळ्यांसमोर आले. वाटणीची सोय हे त्या डब्याचे छप्पर आहे. घरगुती कार्डाला छप्पर दिले तर मोठ्या कंपन्या तेच घेतील आणि महागड्या कार्डांचा धंदा बसेल, ही धास्ती. हा माझा नुसता संशयही नाही. २०१७ च्या अखेरीस एनव्हिडियाने घरगुती कार्डांच्या ड्रायव्हरच्या परवान्यात अट घातली, की हा ड्रायव्हर डेटा सेंटरमध्ये वापरता येणार नाही; अपवाद फक्त ब्लॉकचेनच्या कामाचा. म्हणजे विकत घेतलेली वस्तू कुठल्या खोलीत ठेवायची, हेसुद्धा विकणारा ठरवणार.

पण कंपन्यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वादविवाद स्पर्धेत आम्हाला तेच शिकवतात. पहिला मुद्दा खर्चाचा. वाटणीचे सॉफ्टवेअर लिहायला, तपासायला आणि मध्यरात्री फोन आला तर निस्तरायला माणसे लागतात. त्यांचा पगार कुणी द्यायचा? दुसरा मुद्दा, दोन्ही कार्डे सर्वस्वी सारखी नसतात. सर्व्हरच्या कार्डात स्मरणशक्ती जास्त असते. पी-४० मध्ये २४ गिगाबाइट, तर १०८० टीआयमध्ये ११. चुका आपोआप दुरुस्त करणारी स्मरणशक्ती, रात्रंदिवस चालण्याची हमी, हेही असते. आणि तिसरा मुद्दा सर्वांत बळकट. रेमंड डेनेकेरे आणि प्रेस्टन मॅकफी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिले, की चांगली वस्तू मुद्दाम अधू करून स्वस्तात विकल्याने कधी कधी सर्वांचाच फायदा होतो. त्यांचे एक उदाहरण इंटेलच्या ‘४८६ एसएक्स’ या १९९१ च्या प्रोसेसरचे. गणिताचा भाग बंद करून तो ‘डीएक्स’पेक्षा पुष्कळ स्वस्त विकला गेला, आणि ज्यांना डीएक्स परवडत नव्हता त्यांच्याही हाती काहीतरी आले. म्हणजे छप्पर काढलेला डबा नसता, तर गरिबाला गाडीतच चढता आले नसते, असा हा युक्तिवाद.

या तिन्हींना माझी उत्तरे आहेत. खर्चाचे म्हणाल, तर मध्यरात्रीचा फोन आम्हाला नकोच आहे. हमीही नको. जी सोय चिपमध्ये आहे, तिच्यावरचे कुलूप काढा आणि ‘जबाबदारी वापरणाऱ्याची’ असे लिहून मोकळे व्हा. २०२१ मध्ये दुसरा मार्ग खुला केला तेव्हाही तो ‘बीटा’ म्हणूनच दिला होता. आकाश कोसळले नाही. फरकाचे म्हणाल, तर जो खरा फरक आहे त्याचे पैसे जरूर घ्या. २४ गिगाबाइटचा दर ११ ला कुणी मागत नाही. जे द्यायला काही खर्चत नाही तेच अडवून ठेवण्याबद्दल तक्रार आहे.

राहिला तिसरा मुद्दा. अधू वस्तूने गरिबाचे भले होते, हे मला मान्य आहे; पण केव्हा? मधल्या पायऱ्या असतील तेव्हा. एसएक्स घेणाऱ्याला पुढे चार पैसे जमवून डीएक्स घेता येत होता. इथे तिसऱ्या वर्गानंतर थेट पहिलाच वर्ग आहे. एकीकडे खेळणाऱ्या मुलाचे कार्ड. दुसरीकडे सर्व्हरचे कार्ड, ते ज्यात बसेल असा सर्व्हर, थंड खोली, आणि वर माणशी परवाना. मधे जो बसतो तो कोण? तालुक्याचे महाविद्यालय, गावातली संगणक शिकवणारी संस्था, दोन मुलांना एकाच यंत्रावर शिकवू पाहणारा बाप, चित्रफिती जोडणारा छोटा स्टुडिओ. आम्ही धड ‘सामान्य ग्राहक’ही नाही आणि ‘उद्योग’ तर मुळीच नाही. आणि कुलूप माणूस पाहत नाही; ते फक्त कार्डाचे नाव पाहते.

कोणी म्हणेल, कुलपे काढली तर घाऊक गिऱ्हाइके घरगुती कार्डे उचलतील, भाव चढतील आणि तुम्हाला तेही मिळणार नाही. ही भीती खोटी नाही. २०२१ मध्ये आभासी चलन काढणाऱ्यांनी बाजार रिकामा केला होता. तेव्हा एनव्हिडियानेच ‘आरटीएक्स ३०६०’ पासून त्या कामाचा वेग कमी करणारे कुलूप घातले होते. माझे उत्तर असे, की सगळी विहीर खुली करू नका. चार पाळ्या द्या. घरगुती कार्डाला दोन किंवा चार वाटे, त्याहून जास्त हवे असतील तर परवाना. शेकडो जणांना जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीला चार वाट्यांत रस नसेल. आम्हाला तेवढेच पुरे आहेत. आणि अशी मर्यादा घालणे अशक्य नाही, याचा दाखला कंपनीच्याच वागण्यात आहे. घरगुती कार्डावर एकाच वेळी किती चित्रफिती सांकेतिक रूपात बसवता येतील, यावर तिने मर्यादा ठेवली आहे. ही मर्यादा २०२३ साली तिनावरून पाचावर आणि २०२४ साली आठावर नेली; तीही केवळ ड्रायव्हर बदलून, जुन्या कार्डांसकट. जे चित्रफितींना चालते ते वाट्यांना का चालू नये?

दुसरा दाखला इंटेलचा. २०२५ साली तिने ‘आर्क प्रो बी-५०’ हे १६ गिगाबाइटचे कार्ड ३४९ डॉलरना बाजारात आणले, आणि त्यात वाटणीची सोय परवान्याच्या पैशाशिवाय देऊ केली. घरगुती म्हणून ते विकले जात नाही, पण किंमत घरगुती कार्डाच्याच पंक्तीतली आहे. बाजारात मागे पडलेल्याला औदार्य सुचते, असे कुणी म्हणेल. सुचू द्या. स्पर्धेचा उपयोग हाच, असे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवले आहे.

आपल्या सरकारनेही या बाबतीत पाऊल टाकले आहे. मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया-एआय’ योजनेला मंजुरी मिळाली. १० हजार ३०० कोटी रुपयांहून अधिक तरतूद झाली आणि हजारो कार्डांची शक्ती संशोधकांना व नव्या उद्योगांना सवलतीच्या दराने तासावर मिळू लागली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण तासावर मिळणारे पाणी टँकरचे. टँकर लागतो हे मान्य. पण दारात विहीर असताना तिच्यावर फळी ठोकून टँकरची वाट का पाहायची? विद्यापीठे आणि शासन संगणक खरेदी करतात तेव्हा निविदेत ‘वाटणीची सोय असलेले कार्ड, वेगळ्या परवान्याशिवाय’ एवढी एक ओळ घालता येईल. एकटा विद्यार्थी काही मागू शकत नाही. हजार महाविद्यालयांनी एकच ओळ लिहिली तर कंपन्यांना ती वाचावी लागेल.

तेव्हा माझ्या मागण्या तीन. पहिली, कार्डाच्या खोक्यावर स्पष्ट लिहा, की हे आभासी यंत्रात चालते की नाही आणि किती जणांना वाटता येते. विजेचा खप लिहिता, तर हेही लिहा. दुसरी, घरगुती कार्डाला मर्यादित वाटे मोकळे द्या, हमी न देता. आणि तिसरी, ज्या कार्डासाठी कंपनी नवे ड्रायव्हर काढणे थांबवते, त्याचे कुलूप त्या दिवशी काढा. कंपनीच्या लेखी ते कार्ड मेलेले असते. पण जुन्या बाजारातून तेच आमच्यासारख्यांच्या प्रयोगशाळेत येते आणि आणखी पाच-सात वर्षे राबते. त्याच्यावर कसला धंदा बुडणार आहे?

शेवटी एक गोष्ट सांगतो. हा लेख लिहिताना मी वडिलांना सगळे समजावून सांगितले. ते शाळेत चौथीपर्यंत गेलेले. संगणक त्यांनी बँकेतल्या काचेपलीकडे पाहिलेला. सारे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, “म्हणजे विहीर आपण खणली, पैसं आपण दिलं, आणि दुसऱ्याला पाळी द्यायची का नाही ते खणणारा ठरवणार?” मी म्हटले, “होय दादा, तसंच.” ते म्हणाले, “मग ती आपली विहीर कशी?”

एवढा सोपा प्रश्न मला सहा महिन्यांत सुचला नव्हता. याचे उत्तर ज्यांनी द्यायचे ते फार दूर आहेत आणि हे वार्षिक त्यांच्या हाती पडणार नाही, हे मी जाणतो. पण आपले प्राध्यापक खरेदी समितीवर बसतात, आणि आपल्यातलेच काही उद्या अशा कंपन्यांत कामाला जातील. त्यांनी तेवढा लक्षात ठेवला तरी पुष्कळ झाले. तोवर पाळीची वही आहेच. उद्या सकाळी अकरा ते बारा माझा तास आहे. ज्याला घाईचे काम असेल त्याने शेजारी येऊन बसावे.